पाच बाळांची व्हायल

दहिसर,
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

प्रिय सुलू,

सकाळी क्लिनिकमध्ये भेटलो आणि दुपारी हे पत्र, म्हणजे तू म्हणशील, इराला साठीच्या आतच चळ लागला. तुझी बिल्डिंग माझ्या खिडकीतून दिसते. गॅलरीत तू गंधालीची लंगोटी वाळत घातलेलीसुद्धा दिसते. फोन हाताशी आहे. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, शाळेपासून देत नाहीस. आणि मला जे सांगायचंय ते असं आहे की मध्येच तू "जाऊ दे गं" म्हणालीस तर मी खरंच जाऊ देईन. इतकी वर्षं तेच करत आले. म्हणून कागद घेतला. शनिवारी तुम्ही गणपतीला गावी निघायच्या आत तो तुझ्या हातात पडायला हवा.

आधी गंधालीचं. वजन छान आहे, मागच्या वेळेपेक्षा सहाशे ग्रॅम वाढलंय. तिच्या उजव्या दंडावर आज गोवर-रुबेलाची सुई झाली, आता दुसरी सोळाव्या महिन्यात. या लसीचा ताप लगेच येत नाही, आलाच तर आठवड्याभराने येतो, म्हणजे तुमच्या ऐन गणपतीत. तेव्हा घाबरून मला दहा फोन करू नकोस. औषध किती द्यायचं ते अक्षताला लिहून दिलंय. अंगावर बारीक पुरळ आली तरी दोन दिवसांत जाते. गावात कुणी दाराला कडुनिंबाचा पाला लावायला निघालं तर लावू दे, दाराला त्याने काही होत नाही. बाळाला मात्र औषधच. आणि हो, सुई टोचल्यावर ती जी रडली ना, बाहेर बसलेल्या चार आयांनी आपापली पोरं छातीशी धरली. झकास रडली. असं दणदणीत रडणारं मूल बघितलं की मला दिवसभर बरं वाटतं.

आता सकाळचं. साडेदहाची वेळ ठरली होती आणि तू नऊपासून बाकावर बसली होतीस, नातीला मांडीवर घेऊन, सुशांतला शेजारी बसवून. अक्षता घाटकोपरच्या ऑफिसातून हाफ डे टाकून निघाली, मेट्रोत अडकली आणि अकराला पोचली. धापा टाकत आली बिचारी, केस कपाळाला चिकटलेले. आणि तू सगळ्यांसमोर सुनेवर उखडलीस. "ऑफिस जळतंय का तुझं? एका सुईला उशीर म्हणजे काय ते या घराला विचार. मी एकदा केला उशीर, त्याचं काय झालं ते तुझ्या नवऱ्याकडे बघ." सुशांत तुझ्या ओठांकडे बघत होता. त्याला सगळं कळलं. "आई, बस ना आता," एवढंच म्हणाला. अक्षता भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी आतून आले आणि म्हणाले, "अगं काही उशीर झाला नाही, एक वाजेपर्यंत चालू असतं." हे मी रोज कुणाला ना कुणाला म्हणते. आज ते वाक्य तोंडातून निघालं आणि मी तिथेच बाकावर बसले. तुला वाटलं, शुगर कमी झाली. तू पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिलीस. सुलू, शुगर नव्हती ती.

तुला पंचाण्णव साल आठवायला मी सांगायची गरज नाही. पण मला माझ्या बाजूने सांगू दे. मी नुकती शिकून आले होते, क्लिनिकला सहा महिने झाले होते, दिवसाला चार पेशंट यायचे. त्यांतले दोन बाबांच्या ऑफिसातल्यांचे नातेवाईक. म्हणून दर बुधवारी तुमच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत फुकट लसीकरण करायचं असं मी ठरवलं. नर्स वनमाला सिस्टर पालिकेच्या लसींची बर्फाची पेटी घेऊन यायच्या, आम्ही ती कॅरमबोर्डवर ठेवायचो. बाहेरच्या फळ्यावर मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं, वेळ नऊ ते एक. तुला तेव्हा लग्नानंतर पाच वर्षांनी सुशांत झाला होता आणि अख्ख्या चाळीचा तो लाडका होता. तुझे दत्तारामभाऊ टेलिफोन खात्यातून सुटून घरी आले की त्याला खांद्यावर घेऊन नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणायचे. पोरगा इंजिनाच्या शिट्टीला मान वळवायचा, आठवतं? सातव्या महिन्यात तो "दाद्दा" म्हणाला म्हणून तू मला वाटेत थांबवून सांगितलं होतंस.

गोवराची सुई नवव्या महिन्याची. सुशांतला नऊ महिने पुरे झाले आणि तिसऱ्या दिवशी बुधवार होता. शुक्रवारी तुम्ही गावी निघणार होतात आणि तू बाळाला घेऊन महिनाभर तिकडेच राहणार होतीस. त्या दिवशी सकाळी तुझ्या सासूबाईंनी, सुंदराबाईंनी, तुला बोरिवलीला मखराचे कागद आणायला पाठवलं. जिलेटीनचे, लाल आणि हिरवे. तू ते घेऊन तशीच पळत आलीस, एका काखेत सुशांत, दुसऱ्या काखेत कागदांची सुरळी. मंडळाच्या खोलीत तेव्हा मी आणि वनमाला सिस्टर, दोघीच होतो. मी तुला म्हणाले, "संपली गं लस. सकाळी यायचं नाही का? आता गणपती करून ये." तू कपाळावर हात मारलास. वाट लागली, म्हणालीस, आणि हसत हसत परत गेलीस. तू हसलीस कारण तुला माझ्यावर भरवसा होता. डॉक्टर म्हणते गणपती करून ये, म्हणजे चालत असणार.

पुढचं तुला पाठ आहे. गावात गोवर होता. सुशांतला आला तेव्हा घरातल्यांनी देवीचं म्हणून अंधाऱ्या खोलीत ठेवलं, आठवडा गेला, दोन्ही कानांतून पू वाहायला लागला, मग तालुक्याचा दवाखाना. मुंबईला आलात तेव्हा दिवाळी तोंडावर होती. मी त्याच्या मागे उभी राहून स्टीलची वाटी वाजवली, चमचा वाजवला, शेवटी टाळी वाजवली. तो माझ्या टेबलावरच्या रबरी बदकाशी खेळत राहिला. तू ते बघितलंस, मला काही सांगावं लागलं नाही. तू एवढंच म्हणालीस, "मी थोडी लवकर आले असते तर..." आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळे म्हणाले, केवढी चांगली डॉक्टर. सुंदराबाई तेव्हापासून म्हणताहेत, "पोराक सुई देवची होती त्या दिसा ही मखराचे कागद आणूक गेली." कागद आणायला त्यांनीच पाठवलं होतं हे तू एकदाही म्हणाली नाहीस. मला सांगितलंस, पण त्यांना नाही.

त्यानंतरचं मात्र आपण दोघींनी मिळून केलं आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. खिशात डबी आणि कानाला वायर असं ते ऐकायचं पहिलं मशीन. पोरं त्याला रेडिओ म्हणून चिडवायची आणि तू त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या आयांना झापून यायचीस. तू रोज संध्याकाळी आरशासमोर त्याला बसवून एकेक अक्षर बोलायला लावलंस. "प" म्हणताना मेणबत्तीची ज्योत हलली पाहिजे, "म" म्हणताना नाही. तुमच्या घरी दोन वर्षं दिवे गेले तरी कुणी मेणबत्ती पेटवायचं नाही, ती सुशांतची होती. आज तो आर्किटेक्टच्या ऑफिसात मॉडेलं बनवतो. त्याने केलेल्या इमारतींच्या खिडक्या भिंगातून बघाव्या लागतात. आणि तो अक्षताशी भांडतो तेव्हा मशीन काढून ठेवतो हे तिने मला सांगितलंय. अशी सोय सगळ्या नवऱ्यांना असती तर बरं झालं असतं, असंही म्हणाली.

आणि तू. तुला मी काय म्हणू? मी शिबिरं घेतली, वर्तमानपत्रांत लेख लिहिले, बैठकांतून भांडले. पण दहिसरमध्ये पोरांना ओढून आणलंस ते तू. तीन वर्षांपूर्वी मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा नव्या टॉवरच्या सोसायटीने मला बोलावलं होतं, आठवतं? मी आकडे सांगत होते आणि लोक मोबाइल बघत होते. ते नंदकिशोर, रिटायर्ड, पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसलेले, म्हणाले, "आमच्या वेळी कुठे होत्या एवढ्या सुया? आम्ही वाढलोच ना?" मी आकड्यांचा कागद उलटत होते तोवर तू मागून उठलीस. "काका, तुमचा नातू खाली खेळत असतो, त्याला तुम्ही गॅलरीतून हाक मारता ना? मला माझ्या पोराला हाक मारायची तर जिने उतरून त्याच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं. तीस वर्षं होत आली, मी जिने उतरतेय." कुणीही मोबाइलकडे बघत नव्हतं. पुढच्या बुधवारी त्या एका टॉवरमधून अकरा मुलं आली. नंदकिशोर स्वतः नातवाला घेऊन आले आणि फॉर्म कसा भरायचा यावर आम्हालाच भाषण देऊन गेले.

पण त्या दिवशीही तू शेवटी तेच म्हणालीस, जे तू प्रत्येक ठिकाणी म्हणतेस. "मी उशीर केला, तुम्ही करू नका." जोगेश्वरीच्या वस्तीत म्हणालीस, माहुलला म्हणालीस, शाळेच्या पालकसभेत म्हणालीस. बायका ऐकतात, पदर डोळ्याला लावतात आणि दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन येतात. मी शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत आले. किती मुलं तुझ्या त्या एका वाक्यामुळे वाचली असतील, आणि मी मनात म्हणायचे, चांगलंच काम होतंय ना, मग कशाला बोला? सुलू, गप्प बसायला माणसाला इतकं चांगलं कारण मिळू नये.

कारण तू उशीर केलाच नव्हतास. तू आलीस तेव्हा पावणेबारा झाले होते. फळ्यावर एक लिहिलं होतं, मीच लिहिलं होतं. आणि लस संपली नव्हती. गोवराची लस तेव्हा पाच बाळांना पुरेल अशा व्हायलमधून, काचेच्या कुपीतून, यायची. आत पूड असते, त्यात पाणी घातलं की काही तासांत वापरावी लागते, नाहीतर टाकून द्यायची. सकाळपासून पाच मुलं आली होती, एक व्हायल त्यांच्यात बरोबर संपली. दुसरी बर्फाच्या पेटीत होती, सील न काढलेली. तू एकटी आलीस. एका बाळासाठी फोडली असती तर चार डोस वाया गेले असते आणि महिनाअखेरच्या रिपोर्टात ते दाखवावे लागले असते. वाया गेलेल्या डोसांवर तेव्हा प्रश्न विचारले जायचे आणि मला नवीन डॉक्टर म्हणून नाव मिळवायचं होतं. वनमाला सिस्टरांनी मला हळूच विचारलंही, "फोडूया का, डॉक्टर? पोर गावाला चाललंय." मी मान हलवली. नाही म्हणून. आणि तुला खरं कारण सांगायची लाज वाटली, म्हणून वर तुलाच बोलले, सकाळी यायचं नाही का. तू पायरी उतरून गेल्यावर सिस्टरांनी पेटीचं झाकण जरा जोरात लावलं. बाकी त्या कधी काही बोलल्या नाहीत.

लस दिली असती तर सुशांतला गोवर झालाच नसता, असं मला शपथेवर सांगता येणार नाही. नवव्या महिन्याचा पहिला डोस शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी बाळांना वाचवतो. उरलेल्या पंधरांत मी कितीतरी वर्षं लपून बसले. म्हणायचे, कदाचित तो त्या पंधरांतला असता. पण ते ठरवायचा हक्क त्या व्हायलला होता, मला नव्हता. तो मी काढून घेतला आणि दोष तुझ्या पदरात टाकला.

त्या दिवाळीनंतर मी नियम केला, समोर एक बाळ असलं तरी व्हायल फोडायची. त्यासाठी मी बैठकांतून आवाज चढवला, एकदा तर एका साहेबाला म्हणाले, चार डोसांची किंमत माझ्याकडून घ्या. पुढे सरकारी सूचनाच तशी आली, ती काही माझ्यामुळे नव्हे, पण मला हायसं वाटलं. लोक अजून सांगतात, इरावती मॅडम एका पोरासाठी व्हायल फोडतात. माझ्या वाढदिवसाला तूच हे माइकवर सांगितलंस आणि टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून केक कापला. हा नियम मला कुठून सुचला ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तू रागावशील. रागाव. महिनाभर, वर्षभर, बोलू नकोस माझ्याशी. मी दत्तारामभाऊंच्या आणि सुशांतच्याही समोर उभी राहीन, बोलावशील तेव्हा, आणि तो माझे ओठ नीट वाचू शकेल इतकं सावकाश बोलेन. गणपतीनंतरच्या सोमवारी नव्या नर्सेसचं प्रशिक्षण आहे, तिथेही हे सांगणार आहे, डॉक्टरची चूक म्हणून, माझ्या नावासकट. तुझं नाव घ्यायचं की नाही ते तू ठरव. वस्तीतलं तुझं बोलणं मात्र थांबवू नकोस, एवढी भीक मागते. फक्त शेवटचं वाक्य बदल. "मी वेळेत आले होते, मला परत पाठवलं. तुम्हाला कुणी परत पाठवलं तर जाऊ नका, तिथेच बसून राहा." मला वाटतं, बायका हेही ऐकतील. कदाचित जास्त ऐकतील.

हे फोनवर न बोलता कागदावर का लिहिलं ते आता सांगते. शनिवारी तुम्ही गावी पोचाल, सगळे दीर, जावा, पुतणे जमतील, माजघरात मखर सजवायला बसाल, आणि नव्वदीच्या सुंदराबाई यंदाही तेच बोलतील. या वर्षी ते ऐकायला अक्षता तिथे असेल, आज भिंतीकडे तोंड करून रडलेली, आणि तिच्या मांडीवर गंधाली. तुझ्यानंतर ते ओझं या पोरीच्या डोक्यावर जायला नको. म्हणून त्या वेळी हे पत्र काढ आणि कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घे, सासूबाईंना ऐकू जाईल असं. सगळं वाचायला जमलं नाही तर खालच्या चार ओळी पुरे. मी आयुष्यभर शाळांना, ऑफिसांना दाखले दिले. हा द्यायचा राहिला होता, म्हणून लेटरहेडवर लिहिलाय आणि शिक्काही मारलाय. दाखला देण्यात येतो की, सौ. सुलक्षणा दत्ताराम चिंदरकर या बुधवार, दिनांक २३ ऑगस्ट १९९५ रोजी आपला मुलगा सुशांत यास गोवराची लस देण्यासाठी घेऊन वेळेत हजर होत्या. लस शिल्लक होती. डॉक्टरने दिली नाही.

तुझीच, तू ठेवशील तर,
इरा
(डॉ. इरावती, बालरोगतज्ज्ञ)